दिसायला तीन फूट

एकोणीसशे चौसष्ट साल होतं ते. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, कचेऱ्यांच्या पाट्यांवर उस्मानाबाद लिहिलेलं होतं आणि बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका गावाला धाराशिवच म्हणत होत्या. त्या सालच्या फाल्गुनात एका सकाळी चारुशीलाच्या हातून ट्रंकेची किल्ली हौदात पडली. एवढंच झालं. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईच्या आयुष्यात त्या दिवशी याहून मोठं काही घडलं नाही. किल्ली हेलकावे खात तळाला गेली आणि तिथं आपल्या दातांसकट स्वच्छ दिसत राहिली. चारुशीलानं वाकून हात घातला. कोपरभर पाणी असेल असं डोळे सांगत होते. कोपरापर्यंत हात बुडाला, तिनं मूठ मिटली आणि वर काढली. मुठीत नुसतं पाणी होतं. हौद घरमालकिणीचा, कस्तुराबाईंचा. त्या पलीकडं दगडावर लुगडं आपटत होत्या. "काय वो मास्तरीणबाई, मासा हाय का त्यो, निसटून जायला?" त्या म्हणाल्या. "आजून खाली हाय. घाला की हात नीट." चारुशीलानं दुसऱ्यांदा हात घातला, बाही खांद्यापर्यंत भिजली, गाल पाण्याला टेकला, तेव्हा कुठं बोटांना लोखंड लागलं. आणि त्याच वेळी, गाल पाण्याला टेकलेला असताना, कानाशी कुणीतरी बोलावं तसं तिला ऐकू आलं: दिसायला तीन, असायला चार. ती तशीच वाकून राहिली. दर वर्षी आठवीच्या वर्गात ती परातीत नाणं ठेवून, त्यावर पाणी ओतून हा धडा शिकवत होती. मुली हसत, नाणं वर आलं, नाणं वर आलं म्हणून ओरडत. आणि तिचा स्वतःचा हात ते विसरला होता. जैनोद्दीन मास्तरांनी शिकवलेलं हाताला राहिलं नव्हतं, तोंडाला तेवढं राहिलं होतं.

किल्ली कालपासून तिच्या हातात होती. स्वयंपाक करताना, वह्या तपासताना, अगदी झोपताना उशाशी. ट्रंक उघडायची होती आणि उघडवत नव्हती. काल दुपारी जळकोटहून कार्ड आलं होतं. अक्षर जलीलचं, मास्तरांच्या मेव्हण्याचं. शेतकरी माणूस, प्रत्येक ओळ नांगराच्या तासासारखी एका बाजूला कललेली. "चारुशीलाबाई यांस जलीलचा आदाब. लिहिण्यास कारण की आमचे दुल्हाभाई जैनोद्दीन मास्तर पौष महिन्यात छातीच्या दुखण्याने वारले. चाळिसावा झाला. आपा म्हणते की त्यांचा पाण्यातला एक फोटो तुमच्यापाशी आहे. घरात त्यांचा एकपण फोटो नाही. असल्यास आणणे. नसल्यास तसे कळविणे." कार्ड तिनं दोनदा वाचलं आणि घड्याळामागं खोचलं. रडू आलं नाही. नसल्यास तसे कळविणे, हे शेवटचं वाक्य मात्र तिच्या मनात घर करून बसलं. किती सोपं होतं ते. एक कार्ड, दोन ओळी. फोटो नाही, कारण तो कधी निघालाच नव्हता, असं तिनं आठ वर्षांपूर्वी सगळ्यांना सांगितलेलं होतं. मग कुलसुमचाचीला, मास्तरांच्या बायकोला, तो आहे हे कळलं कसं? रात्रभर हा प्रश्न तिच्या अंगावरून मुंगीसारखा फिरत होता, आणि आता भिजलेल्या बाहीतून पाणी ठिबकत असताना तिला वाटलं, प्रश्न तो नाहीच. मास्तर गेले आहेत, हेच अजून आपल्या हाताला लागलेलं नाही. अजून खाली आहे ते.

फोटो काढणं असा शब्द मास्तरांच्या तोंडात नव्हता. त्यांचं शिक्षण हैदराबादेत, उर्दूतून झालेलं. मराठी त्यांनी पोलीस अ‍ॅक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर शिकून घेतली, शाळेची भाषा बदलली तेव्हा. ड्रॉइंग मास्तर असल्यामुळं मराठी अक्षरं त्यांनी आधी चित्रं म्हणून गिरवली, मग वाचली. त्याच दिवसांत त्यांची तुर्की टोपी पेटीत गेली, ती परत डोक्यावर आली नाही. तिच्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत. तुळजापुरात शाळेखालच्या एका खोलीत त्यांनी फोटोचं दुकान मांडलं होतं. यात्रेला आलेली जोडपी रंगवलेल्या पडद्यापुढं ताठ उभी राहत. पन्नास सालच्या उन्हाळ्यात चौदा वर्षांची चारुशीला आपल्या वडिलांबरोबर तिथं गेली. तिचे वडील नारायणराव तहसिलीत कारकून. घरी त्यांना तात्या म्हणत. तात्या खुर्चीवर बसले, पगडी सारखी केली, आणि चारुशीला मास्तरांच्या काळ्या कापडाखाली डोकं घालून बघू लागली. काचेवर तात्या उलटे लटकत होते, पाय वर, पगडी खाली. ती इतकी हसली की मास्तरही हसले. "मला शिकवा हे," ती म्हणाली. "मलाही फोटो काढायचाय." मास्तर गंभीर झाले. "काढतात ते दात, बेटा. फोटो उतरवतात." तात्यांनाही हसू आवरलं नाही, आणि हसता हसता ते नाही म्हणायचं विसरून गेले असावेत. पुढं नातेवाइकांनी कुजबुज केलीच. मुसलमानाच्या दुकानात बामणाची पोर. तात्या म्हणाले, "चित्रकला शिकतीय. शाळेतही तेच शिकवतात की तिला, तिथं चालतं आणि इथं काय बाटतीय?"

उतरवणं. पुढं ज्या गोष्टीसाठी मास्तर पंचक्रोशीत वेडे ठरले, तिला तोच शब्द लागत होता. ते फोटो उतरवण्यासाठी पाण्यात उतरत. जळकोटच्या शिवारात जलीलच्या मळ्यात एक जुनी बारव होती, पायऱ्यांची. चैत्र-वैशाखात तिचं पाणी इतकं नितळ होई की भर दुपारी तळातले दगड मोजावेत. मास्तरांनी पत्र्याचं खोकं केलं होतं. समोर जाड काच, कडेनं सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि बाहेरून आत गेलेल्या दोन पितळी सळया, एक खटका दाबायला आणि एक रोल फिरवायला. आत घडीचा जर्मन कॅमेरा. भिंगाभोवतीच्या कड्यावर फुटांचे आकडे असत. वस्तू किती लांब ते आधीच ठरवून, आकडा लावून, मग झाकण आवळायचं. एकदा झाकण बसलं की आकडा बदलता येत नसे. आणि झाकण बसवण्याआधी मास्तर शेवटची गोष्ट करत, ती म्हणजे खोक्याच्या कोपऱ्यात गुलाबी टीपकागदाचा बोटभर तुकडा ठेवत. "हा आपला चौकीदार. थेंबभर पाणी आलं तरी लाल होऊन चुगली करतो." जलील बांधावर बसून बघायचा आणि म्हणायचा, "दुल्हाभाई, वर एवढी दुनिया पडलीय, ती संपली का? बेडकाच्या शादीचा फोटो घ्यायलाव का काय?" पण त्याच जलीलनं एकदा शेजाऱ्याच्या विहिरीतला झरा कोणत्या अंगानं येतो यावरून दोन भाऊ हातघाईवर आले तेव्हा मास्तरांना हाताला धरून नेलं. मास्तर खाली गेले, आणि झऱ्याच्या तोंडाशी वाळू कशी उकळल्यासारखी नाचते त्याचा फोटो घेऊन आले. भाऊ तो फोटो बराच वेळ बघत राहिले. भांडायचं विसरले म्हणा ना. आपल्या विहिरीत असं काही चाललेलं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

दर रविवारी एसटीनं जळकोट. पहिल्या रविवारी तात्या स्वतः आले, छत्री उघडून बारवेच्या काठावर बसले, कुलसुमचाचीनं ताक पुढं केलं तर संकोचून म्हणाले, "तांब्या आणलाय मी बरोबर." चाचीनं ताक तसंच झाकून ठेवलं, रागावली नाही. चौथ्या रविवारी ऊन फार होतं. तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ताक प्याले. पाचव्यापासून ते आलेच नाहीत, म्हणाले, कुलसुमबी आहेत तिथं, मग मला काय काळजी. चाचीचं काम दोऱ्या धरण्याचं. मास्तरांच्या कमरेला एक, चारुशीलाच्या कमरेला एक. चाची शेवटच्या कोरड्या पायरीवर बसे, डाव्या हातात मास्तर, उजव्या हातात पोर. एक हिसका म्हणजे ठीक. दोन म्हणजे ओढा. चाचीला पोहता येत नव्हतं. पाण्याचं तिला भय होतं, आणि तरी लग्न झाल्यापासून ती ही दोरी धरून बसत होती. "खाली काय असतं गं?" ती चारुशीलाला विचारायची. "दगडं असतात चाची, शेवाळ असतं. ऊन असतं." "ऊन?" "खांबासारखं. हात घातला तर तुटतं." चाची मान हलवायची. "हेबी असंच सांगतेत. मला आपलं वरून समदं हालतानाच दिसतंय."

पाण्यात डोळे उघडे ठेवले तर सगळं धूसर दिसतं. म्हणून मास्तरांनी मोटारीच्या ट्यूबमध्ये काच बसवून चष्मे केले होते. चष्मा लावून पहिल्यांदा बुडी मारली तेव्हा चारुशीला समोरच्या भिंतीवरच्या गोगलगाईला हात लावायला गेली आणि हात अलीकडंच राहिला. वर आल्यावर मास्तर हसत होते. "दिसायला तीन फूट, असायला चार. पाणी सगळ्यांना जवळ आणतं." मग त्यांनी विचारलं, "आता सांग, भिंगावर आकडा कोणता लावायचा?" ती म्हणाली, चार. "तीन," मास्तर म्हणाले. "भिंगपण पाण्यातनंच बघतं ना बेटा. त्याला कोण सांगणार, खरं किती ते? तुला जे दिसतं तेच त्याला दिसतं. टेपनं मोजू नको. डोळ्यानं मोज." चौदा-पंधराव्या वर्षी तिनं ते मानलं. सहा वर्षं तीन लावले, आणि सहा वर्षं शेवाळाचा एकेक केस, बेडकाच्या अंड्यांची माळ, दगडांच्या सांध्यात अडकलेलं कुणा पूर्वीच्या बाईचं फुटकं काकण, असं सगळं तिच्या हातून कागदावर स्वच्छ उतरत गेलं. आताही डोळे मिटले की तिला तिथलं कानातलं दडपण आठवे, आणि दोरीचा कमरेशी असलेला आधार. त्या दोरीसारखं नंतर आयुष्यात काही मिळालं नाही. आपण खाली आहोत आणि वर कुणीतरी न बोलता आपल्याला धरून बसलं आहे, याची इतकी खात्री.

मग ती सोलापूरला इंटर सायन्सला गेली. पुस्तकात प्रकाशाच्या वक्रीभवनाचं प्रकरण होतं, आकृती होती, तुटक रेषा होत्या. तुटक रेषेच्या टोकाशी लिहिलेलं होतं की इथं वस्तू आहे असा डोळ्याला भास होतो. भास. हा एक शब्द तिच्या डोक्यात गेला. डोळ्याला भास होईल, ठीक आहे; पण काचेला आणि पितळेला भास कसा होईल? मास्तर बिचारे अडाणी नव्हेत, पण त्यांनी पुस्तक कुठं वाचलंय. वीस वर्षांची पोर, वर्गात पहिली, वसतिगृहात राहणारी. तिला मास्तरांची कीव आली. प्रेमातून आलेली कीव होती ती, म्हणून तिला ती ओळखता आली नाही. छप्पन सालच्या मे महिन्यात ती घरी आली तेव्हा तिनं हट्ट धरला की या खेपेला मी तुमचा फोटो उतरवणार, पाण्यातला. मास्तरांनी कधी स्वतःला कॅमेऱ्यापुढं उभं केलं नव्हतं. फोटोवाल्याचा फोटो कोण घेणार, म्हणत टाळायचे. चाची पायरीवरून म्हणाली, "घेऊ द्या की पोरीला. मलाबी बघू द्या एकदा, खाली काय करताव ते." त्यावर मास्तर तयार झाले.

झाकण आवळताना तिनं आकडा लावला तो चार. पाठ फिरवून लावला. खोक्याला तिनं चार फुटांची सुतळी बांधली होती, फूटपट्टीनं मोजून, गाठ मारून. मास्तरांना म्हणाली, पाण्यात हलायला नको म्हणून हे टोक छातीशी धरा. त्यांनी सुतळीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि टोक हातात घेतलं. बारा वाजून गेले होते, ऊन सरळ खाली येत होतं. सात फोटो तिनं भिंतीचे, झऱ्याचे घेतले. आठवा मास्तरांचा. ते भिंतीला पाठ लावून, एका दगडाला पाय अडकवून उभे राहिले, आणि चेहरा दिसावा म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. डोळे उघडे. अंगरखा पाण्यात फुगून हळूहळू हलत होता. तोंडातून एक बुडबुडा निघाला आणि कपाळाला लागून वर गेला. सुतळी ताणलेली. मग त्यांनी मोकळा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. ते विचारत होते. तीन लावलेत ना? आणि तिनं मान हलवली. हो. एवढ्या नितळ पाण्यात, त्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर, तिनं हो म्हणून मान हलवली आणि खटका दाबला. वर येताना तिला फार आनंद झाला होता. निकाल हातात आल्यावर ती सांगणार होती, मास्तर, चार लावले होते.

त्यांच्या घरातली कोठीची खोली हीच फिल्म धुवायची काळोखी खोली. कंदिलाला लाल कागद चिकटवलेला. रोल तिनंच धुतला. बाहेर मास्तर आणि चाची बोलत होते, कपबशांचा आवाज येत होता. ओली फिल्म तिनं कंदिलापुढं धरली. आठही फोटो धूसर. सगळे सारखे, शिस्तीनं, पुस्तकातल्या आकृतीसारखे धूसर. भिंगालाही भास झाला होता. बाहेर आली तेव्हा फिल्मची गुंडाळी तिच्या पदराखाली होती आणि तोंडात तयार झालेलं वाक्य होतं: "पाणी शिरलं मास्तर. रोल चिकटला. गेला सगळा." मास्तरांनी विचारलं, "सगळा?" ती म्हणाली, सगळा. त्यांनी खोकं पुढं ओढलं, झाकण उघडलं, आत पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग झाकण लावलं आणि म्हणाले, "होतं. रबर जुनं झालं." पुढच्या रविवारी त्यांनी ते खोकं पार उसकटलं. स्टोव्ह पेटवला, कथलाचे डाग सोडवले, कडा घासल्या, नवं रबर बसवलं. जलील म्हणाला, "दुल्हाभाई, बुडाली म्हणायची तुमची आगबोट!" मास्तर मान खाली घालून डाग देत राहिले आणि चारुशीला त्यांच्या हातात कथलाची तार देत राहिली. एक शब्द बोलायचा होता. तार संपेपर्यंत तिला तो सापडला नाही. मग सोलापूर, मग उस्मानाबादची नोकरी. भेटी वर्षाला एकीवर आल्या, मग तीही चुकली. पुढच्या साली मास्तरांनी पाण्यात उतरणं सोडलं असं कानावर आलं, आणि तिनं मनाशी धरलं की आपल्यामुळंच. धड असलेल्या खोक्यावरचा त्यांचा विश्वास आपण मोडला. खोटं बोलण्याचं दुःख नंतर बोथट झालं असेल. पण डाग देताना वाकलेली त्यांची मान, तिच्यावरचा घाम, ते आठ वर्षांत जरासुद्धा बोथट झालं नव्हतं.

"बाई, सर्दी हुईल," कस्तुराबाई म्हणाल्या. "घावली न्हवं किल्ली? मग रडायला काय झालं?" चारुशीला म्हणाली, "आमचे मास्तर गेले." कस्तुराबाईंनी लुगडं पिळता पिळता थांबून विचारलं, "कवा?" "पौषात." "आन आज रडायलाव?" त्यांच्या आवाजात दोष नव्हता, नुसता हिशेब लागत नव्हता. मग त्यांनी कोरडा पंचा आणून तिच्या खांद्यावर टाकला. चारुशीलानं खोलीत जाऊन ट्रंक उघडली. तळाशी पदार्थविज्ञानाचं पुस्तक होतं, वक्रीभवनाच्या प्रकरणात पाकीट, पाकिटात फिल्मचा एक तुकडा आणि त्याची कागदावरची एक छाप. छाप तिनं सोलापुरात करून घेतली होती आणि त्यानंतर एकदाच पाहिली होती.

जळकोटला घर सडकेच्या कडेलाच. कुलसुमचाची इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळं हात कुणा दुसऱ्याचे वाटत होते. "आलीस," ती म्हणाली. "जलील म्हनला, येनार न्हाय, कार्ड टाकंल." चारुशीला जवळ बसली. चाचीनं तिचा हात हातात घेतला आणि दोरी धरावी तसा धरला. "बसून बसून एकच काम करते बघ पोरी. त्यांचा चेहरा आठवाया जाते. आन चेहरा थांबतच न्हाय. नुसता हालतोय. तीस वर्सं संसार केला, आन चेहरा थांबना. म्हनून म्हनलं, पोरीकडं हाय तो मागवावा." चारुशीलानं मोकळ्या हातानं पाकीट मांडीवर ठेवलं. ती म्हणाली, "चाची, तो नीट नाही. मी तुम्हाला त्या दिवशी खोटं सांगितलं. पाणी शिरलं नव्हतं." आणि सगळं सांगितलं; चार लावले ते, सुतळी, तीन बोटं, मान हलवली ते. "माझ्यामुळं त्यांनी खोकं मोडलं. पाण्यात उतरायचं सोडलं."

चाची ऐकत होती. मग तिच्या तोंडावर बारीक हसू आलं, इद्दतीतल्या बाईला शोभेल एवढंच. "उतरायचं सोडलं ते कान फुटला म्हनून. सोलापूरच्या डाक्टरनं मना केलं. तुज्यामुळं कशाला सोडतेत?" मग म्हणाली, "आन खोटं बोललीस ते मला त्याच दिवशी ठावं झालतं. तू गेलीस तसं त्यांनी खोकं उघडून दावलं मला. म्हनले, कुलसुम, कागद बघ. कोरडा ठन, गुलाबीच्या गुलाबी." चारुशीला तिच्याकडं बघत राहिली. टीपकागद. सहा वर्षं तिनं स्वतःच्या हातानं तो कोपऱ्यात ठेवला होता, आणि खोटं बोलताना तोच विसरली होती. "मी म्हनलं, मग बोलले का न्हाय पोरीला? तर म्हनले, ती म्हनती ना पाणी शिरलं, मग आता शिरलंच म्हनायचं. आन आइतवारी बसले खोकं उसकटायला. मी म्हनलं, चांगलं खोकं कशाला मोडताव? तर म्हनले, न्हाय मोडलं तर पोर खोटी पडंल." चाचीनं बोटांनी डोळे पुसले. "म्हनायचे, फोटो हाय तिच्यापाशी. टाकून देनारी पोर न्हवं ती. दावील कवातरी. मागू नगंस." मग म्हणाली, "ते हाईत तवर म्या मागितला न्हाय."

बाहेर सडकेवरून मालट्रक गेला, भांड्यांची उतरंड बारीक हादरली. चारुशीलानं पाकीट उघडलं आणि छाप चाचीच्या हातात दिली. चाचीनं ती खिडकीच्या उजेडाला धरली. धूसर अंगरखा, धूसर दाढी, कपाळावर चष्म्याचा काळा डाग, चेहऱ्याच्या जागी नुसता चेहऱ्याचा भास. छातीशी एक मूठ, आणि वर केलेली तीन बोटं, तीही विरघळल्यासारखी. चारुशीलाला तिकडं बघवेना. ती चाचीच्या बोडक्या मनगटांकडं बघत राहिली. चाचीनं छाप डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाली, "हेच." चारुशीलाला वाटलं, समजूत घालतेय. "चाची, मी चुकले नसते तर डोळे, भुवया, सगळं..." "अगं, हेच," चाची म्हणाली, आणि तिचा आवाज मोठा झाला. "मी कुटं खाली जाऊन बघितलंय त्यास्नी? मला पायरीवरनं असेच दिसायचे. निस्ते हालायचे. हितं बघ, थांबलेत." ती छाप तिनं मांडीवर ठेवली आणि तळहातानं झाकली, आतलं सांडू नये तशी. मग तिला आठवलं. "बोटं दावलीत ती तुला. तुजा जबाब त्यास्नी दिसलाच न्हाय. मला म्हनले, चष्मा कपाळावर होता, पोरीनं मान हालवली का पाणीच हाललं, कळालं न्हाय." आणि दोघी हसल्या, रडल्या, त्यातलं आधी काय झालं ते चारुशीलाला नंतर कधी नीट सांगता आलं नाही.

तात्या त्यानंतर तीन वर्षांनी गेले. शेवटच्या दुखण्यात ताक मागत आणि घरचं ताक पिऊन म्हणत, कुलसुमबीच्या हातचं नाही हे. कस्तुराबाईंनी हौद बुजवून नळ घेतला. कुलसुमचाची बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी गेली, ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्या साली बारव तळापर्यंत आटली. जलील पायऱ्यांनी कोरडाच खाली उतरला, चहूकडं बघून आला आणि चारुशीलाला कार्ड टाकलं: "तळ पाहिला. दगड आहेत. दुल्हाभाई एवढे काय बघत होते ते समजले नाही." कार्डाबरोबरच एसटीच्या कंडक्टरकरवी त्यानं पत्र्याचं खोकं पाठवलं, चाचीनं ते तिला द्यायला सांगून ठेवलं होतं. आत ती छाप होती, तळहाताच्या सवयीनं कडा मऊ झालेली, आणि कोपऱ्यात बोटभर टीपकागद. गुलाबी. जलीलही पुढं गेला. त्याच्या मुलांनी बारवेवर इंजिन बसवलं. चारुशीलानं लग्न केलं नाही. एकतीस वर्षं तिनं परातीत नाणं ठेवून त्यावर पाणी ओतलं, आणि मुली ओरडायच्या थांबल्या की त्यांना विचारलं, आता सांगा, दिसायला तीन फूट, असायला चार, तर कॅमेऱ्यावर आकडा कोणता लावायचा? सगळ्या चार म्हणत. ती कुणाला रागावली नाही. आता ती म्हातारी आहे, तुळजापुरात असते, खोकं कपाटावर आहे. बघायला येणारे विचारतात, हे कुणाचं? ती सांगते. मग विचारतात, किती वर्षं झाली मास्तरांना जाऊन? गेल्या पौषात चाळीस पुरी झाली, तिला तारीखवार ठाऊक आहे. ती खोक्याच्या काचेकडं बघते आणि म्हणते, तीस. आजूबाजूची माणसं एकमेकांकडं बघतात, वय झालंय म्हणून सोडून देतात. ती आकडा बदलत नाही.